आपल्या घरांतला दूरध्वनि आणि त्याचे धनी

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत एकाच वस्तूच्या तीन निरनिराळ्या आठवणी असतात. दूरध्वनीचें नांव काढलें कीं आजोबांना ट्रंक कॉल आठवतो: सकाळीं नोंदवावा, जोडणी लागेपर्यंत यंत्रापाशीं बसून राहावें, आणि ती लागली कीं शेजारच्या बिऱ्हाडांत ऐकूं जाईल अशा आवाजांत दोन वाक्यें बोलून घ्यावीं. वडिलांना पिवळ्या पाटीच्या टपरीपुढची रात्रीची रांग आठवते. कारण रात्र चढली कीं परगांवचे दर उतरत. नातीला मात्र यांतलें कांहींच ठाऊक नाहीं. तिचें यंत्र तिच्या मुठींत मावतें, आणि फोनसाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागे, हें तिला जुन्या कहाणींतलें वाटतें.

हा पालट यंत्रांनीं घडविला, असें आपण सहज म्हणून जातों. यंत्रांचा वांटा मोठा आहे यांत शंका नाहीं. परंतु तींच यंत्रें इतर देशांत घरोघर खणखणत असतांना आपल्याकडे इतकीं वर्षें कां फिरकलीं नाहींत, आणि पुढें आलीं तीं पुरासारखीं कां आलीं, याचें उत्तर यंत्रांत सांपडत नाहीं. तें व्यवस्थेंत सांपडतें. तार कोणाची, लहर कोणाची, परवाना कोणीं द्यावा आणि तंटा पडल्यास निवाडा कोणीं करावा, या चार प्रश्नांचीं उत्तरें जसजशीं बदललीं, तसतसा आपल्या घरांतला दूरध्वनि बदलला. दरमहा त्याचें मोल आपल्याच खिशांतून जात असल्यामुळें हा इतिहास प्रत्येक कुटुंबानें समजून घेण्याजोगा आहे.

कंपनीकडून सरकारकडे

आपल्या देशांत अगोदर तार आली. १८५० सालीं ओशॉनेसी नांवाच्या एका आयरिश डॉक्टरच्या खटपटीनें कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान प्रायोगिक तार बसली. त्यानंतर बत्तीस वर्षांनीं, म्हणजे २८ जानेवारी १८८२ रोजीं, दूरध्वनीची केंद्रें सुरू झालीं. कलकत्ता, मुंबई व मद्रास या तिन्ही ठिकाणीं तीं ओरिएंटल टेलिफोन कंपनीनें चालविलीं, आणि कलकत्त्याच्या केंद्राला आरंभीं अवघे ९३ वर्गणीदार होते. या धंद्याचा आरंभ खाजगी होता, हें येथें लक्षांत ठेवावें.

परंतु १८५७ च्या उठावांत तारेचें महत्त्व राज्यकर्त्यांनीं पुरतें ओळखलें होतें. १८८५ सालच्या तारायंत्राच्या कायद्यानें तारा घालण्याचा व चालविण्याचा हक्क सरकारनें स्वतःकडे राखून ठेवला. दुसऱ्या कोणास तो धंदा करावयाचा असेल तर त्यानें सरकारचा परवाना घ्यावा. १९४३ सालीं तिन्ही मोठ्या शहरांतील कंपन्याहि सरकारच्या ताब्यांत गेल्या. परकीय सत्तेनें आपल्या सोयीसाठीं केलेला हा कायदा स्वातंत्र्यानंतरहि राहिला. त्याची जागा घेणारा नवा कायदा २०२३ सालीं झाला.

स्वातंत्र्य मिळालें तेव्हां साऱ्या देशांत सुमारें ऐंशी हजार दूरध्वनि होते. म्हणजे चार हजारांहून अधिक माणसांमागें एक. १९४८ सालीं बंगलोरास यंत्रें तयार करण्याचा सरकारी कारखाना निघाला. १९६० सालीं लखनौ व कानपूर यांच्यामध्यें मधल्या माणसावांचून परगांवीं थेट बोलण्याची सोय झाली. तथापि योजनांच्या हिशेबांत दूरध्वनि ही चैनीची वस्तु ठरली होती. परकीय चलनाची टंचाई होती, आणि पैसा अगोदर धरणें, पोलाद व धान्य यांकडे जावयाचा. त्यांतच धंदा करणारें, नियम ठरविणारें व तक्रारीचा निवाडा देणारें खातें एकच. व्यापाऱ्याकडे मागणी वाढली कीं तो माल वाढवितो. येथें मागणी वाढली कीं यादी वाढे.

ती यादी ज्यांनीं पाहिली त्यांना तिचें वर्णन करून सांगावयास नको. मुलाच्या मुंजीच्या सुमारास केलेला अर्ज तो कॉलेजांत गेल्यावर फळास येई. तोंवर पत्त्याखालीं शेजाऱ्याचा नंबर घालून पुढें 'पी. पी.' हीं अक्षरें लिहावयाचीं, आणि शेजारच्या मुलानें जिन्यावरून हांक मारली कीं हातांतलें काम टाकून धांवावयाचें. यंत्र घरीं आलें तरी तें दिवाणखान्यांत, वडीलधाऱ्यांच्या खुर्चीशेजारीं, विणलेल्या रुमालाखालीं बसे. माहेरचा फोन आला तर नव्या सुनेनें सर्वांच्या देखत "मी बरी आहें" एवढें म्हणावें, आणि मनांतलें सारें पत्रासाठीं राखून ठेवावें.

पिवळी पाटी

पहिली फट पडली ती १९८४ सालीं. त्या वर्षीं सॅम पित्रोदा यांच्या पुढाकारानें 'सी-डॉट' ही संशोधनसंस्था स्थापन झाली. परदेशी केंद्रें मोठ्या शहरांसाठीं व वातानुकूलित खोल्यांसाठीं घडविलेलीं असत. आपल्या खेड्यांतली धूळ, उन्हाळा व वेळीं अवेळीं जाणारी वीज त्यांना मानवत नसे. या संस्थेनें १२८ जोडण्यांचें, वातानुकूलनावांचून चालणारें लहान केंद्र तयार केलें, आणि १९८६ सालीं तें कर्नाटकांतील कित्तूर येथें बसलें. टपालापासून दूरसंचाराचें खातें १९८५ सालींच निराळें झालें होतें. दुसऱ्याच वर्षीं मुंबई व दिल्ली या दोन शहरांचा कारभार एका स्वतंत्र सरकारी कंपनीकडे गेला.

याच सुमारास नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीच्या टपऱ्या दिसूं लागल्या. अपंग व बेकार माणसांना त्यांनीं पोटापुरतें साधन दिलें, आणि राज्यकर्त्यांना एक मोठी गोष्ट शिकविली: ज्याच्या घरीं यंत्र नाहीं त्यालाहि बोलावयाचें असतें, व त्यासाठीं तो रोख पैसे मोजावयास तयार असतो. दूरध्वनि ही चैन आहे, हा समज त्या रांगांनीं खोटा पाडला.

तरीहि १९९४ सालच्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणांत काय दिसतें? शंभर माणसांमागें एकहि दूरध्वनि पुरता नाहीं. सुमारें ८० लक्ष जोडण्या आणि यादींत २५ लक्ष अर्जदार. पावणेसहा लक्ष खेड्यांपैकीं केवळ १ लक्ष ४० हजारांत दूरध्वनि. सरकारी तिजोरीनें ही तूट भरून निघणार नव्हती, म्हणून खाजगी भांडवलास दार उघडलें.

मक्ता आणि बटाई

येथून या धंद्याची आजची घडण सुरू होते. परवान्यांसाठीं देशाचीं मंडलें पाडलेलीं आहेत. आज तीं बावीस आहेत. त्यांत महाराष्ट्र व गोवा मिळून एक मंडल होतें, आणि मुंबई निराळी धरली जाते. बहुतेक मंडलांत आरंभीं दोन खाजगी कंपन्यांस फिरत्या दूरध्वनीचा परवाना मिळाला. ३१ जुलै १९९५ रोजीं बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. तें या नव्या पद्धतीचें पहिलें संभाषण. परंतु मिनिटास सोळा रुपयांपर्यंत दर, आणि दुसऱ्यानें केलेला फोन घेतला तरी पैसे! अशा वस्तूस मध्यम वर्गानें दुरूनच नमस्कार केला.

याचें कारण परवान्याच्या अटींत होतें. कंपन्यांनीं चढाओढीनें अवाच्या सवा रकमा बोलून परवाने घेतले होते, आणि पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम भरणें भाग होतें. शेतीच्या भाषेंत बोलावयाचें तर ही मक्त्याची पद्धति होती. १९९९ सालच्या धोरणानें ती सोडून बटाईची पद्धति धरली: जें उत्पन्न होईल त्याचा ठराविक हिस्सा सरकारला. आतां थोड्या गिऱ्हाइकांकडून फार घेण्यापेक्षां पुष्कळांकडून थोडें घेणें कंपनीला परवडूं लागलें.

दुसरा फरक पंचाचा. १९९७ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', अस्तित्वांत आलें, आणि २००० सालीं तंट्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरण झालें. त्याच वर्षीं सरकारी खात्याचा धंदा 'भारत संचार निगम' या कंपनीकडे गेला. खेळाडूनेंच पंच होण्याची रीत संपली. पंचाचें काम केवळ दर पाहण्याचें नाहीं. एका कंपनीच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाशीं बोलतां आलें पाहिजे; जुन्या कंपनीनें आपली वेस बंद केली तर नवी कंपनी पहिल्याच दिवशीं उपाशी मरेल. ती वेस उघडी ठेवणें व तिच्यावरची जकात ठरविणें हें पंचाचें खरें काम. २००३ सालीं येणाऱ्या फोनचे पैसे बंद झाले, आणि भाजीवाला, सुतार, रिक्षावाला यांच्या खिशांत यंत्र आलें.

तिसरा प्रश्न लहरींचा. फिरता दूरध्वनि ज्या विनतारी लहरींवर चालतो त्या पाटाच्या पाण्यासारख्या आहेत: मोजक्या, सार्वजनिक, आणि एकाच्या शेतांत गेल्या कीं दुसऱ्यास न मिळणाऱ्या. २००८ सालीं त्यांची वांटणी जुन्या भावानें, प्रथम येईल त्यास प्रथम, अशा रीतीनें झाली. ती मनमानी ठरवून सर्वोच्च न्यायालयानें २ फेब्रुवारी २०१२ रोजीं १२२ परवाने रद्द केले. याच प्रकरणाच्या फौजदारी खटल्यांत खास न्यायालयानें २०१७ सालीं सर्व आरोपींस निर्दोष सोडलें. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानंतर लहरी लिलांवानें देण्याचा रिवाज रूढ झाला.

आजचे धनी

स्पर्धा ऐन भरांत होती तेव्हां एकेका मंडलांत दहा-बारा कंपन्या गिऱ्हाइकामागें धांवत होत्या. २००९ सालीं सेकंदास एक पैसा दर निघाला. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ ही कंपनी आली व बोलणें जवळजवळ फुकट झालें. गिऱ्हाइकाची चंगळ झाली. परंतु त्या झुंजींत कित्येक कंपन्या मोडल्या, विकल्या गेल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. व्होडाफोन व आयडिया २०१८ सालीं एक झाल्या. २०१९ सालीं सरकारी हिश्शाच्या हिशेबाचा जुना तंटा न्यायालयांत कंपन्यांच्या विरुद्ध गेला, आणि उरलेल्यांवरहि मोठें ओझें पडलें. आज तीन खाजगी कंपन्या व सरकारी कंपनी एवढींच नांवें उरलीं आहेत. त्यांतहि फिरत्या दूरध्वनीचीं सुमारें तीन चतुर्थांश गिऱ्हाइकें दोघींकडेच आहेत. २०२४ च्या जुलैंत खाजगी कंपन्यांनीं पाठोपाठ दर वाढविले, तेव्हां पुष्कळ घरांत जाणवलें कीं, नंबर घेऊन जाण्याची मुभा असली तरी जावें कोठें, हा प्रश्न उरतोच.

देशांत आज ११० कोटींहून अधिक जोडण्या आहेत. ही मिळकत थोडी नव्हे. परंतु शहरांत शंभर माणसांमागें शंभरांहून बऱ्याच अधिक जोडण्या असतांना खेड्यांत त्या साठाच्या आसपास आहेत. २००२ सालापासून कंपन्यांच्या उत्पन्नांतील शेंकडा पांच हिस्सा खेड्यांच्या सोयीसाठीं निराळा काढण्यांत येतो. त्या निधीचा विनियोग कसा होतो हें विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे.

आणि एक प्रश्न सरकारला विचारण्याचा नाहीं, तो घराघरांत विचारण्याचा आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं स्वतः वापरावयास स्वतःचा फिरता दूरध्वनि असलेल्या स्त्रिया शेंकडा ५४ आढळल्या. उरलेल्या अजून नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा मुलाच्या यंत्रावर अवलंबून आहेत. दिवाणखान्यांतला तो विणलेला रुमाल त्यांच्यापुरता अद्याप उचलला गेलेला नाहीं.

जुलै २०१३ मध्यें या देशांतली शेवटची तार गेली. तार येण्याच्या भीतीनें ज्यांच्या छातींत धस्स होई, त्या आजी आज परदेशच्या नातवाचा चेहरा काचेवर पाहतात. हें सुख आपल्याला नव्या यंत्रांइतकेंच बदललेल्या नियमांनीं दिलें आहे, आणि निष्काळजीपणा झाला तर नियमांनींच तें आखडूंहि शकेल. म्हणून दर कां वाढला, कंपन्या कां घटल्या, खेड्यांत लहर कां पोंचली नाहीं, याची चर्चा रात्रीच्या जेवणाच्या पंगतींत व्हावी. आणि त्या चर्चेंत सुनेलाहि बोलतां यावें.