वेग नसतानाचा वारा

मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वारने ई-टाइप लोकांपुढे आणली. तिचं लांबलचक बॉनेट आणि त्याच्या टोकाचं निमुळतं, लंबगोल तोंड आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतं. हा आकार माल्कम सेयरचा. तो विमानांच्या कारखान्यातून मोटारींकडे वळला होता आणि वाऱ्याला वाट कशी द्यायची याचं गणित तो कागदावर मांडत असे. तोंड जितकं लहान, तितका वाऱ्याचा विरोध कमी. ताशी दीडशे मैलांची भाषा करणाऱ्या गाडीला हा हिशेब चोख लागू पडत होता, कारण ताशी शंभर किलोमीटरच्या वेगालाही सेकंदाला जवळजवळ 28 मीटर वारा समोरून येतो आणि एवढ्या वाऱ्यापुढे रेडिएटरला पंख्याची गरजच उरत नाही. अडचण येते ती गाडी थांबल्यावर. सिग्नलला, मिरवणुकीत, उन्हाळ्यातल्या रांगेत हा सगळा वारा शून्यावर येतो, 3.8 लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन मात्र उष्णता ओततच राहतं. तापमानाचा काटा वर सरकू लागला की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो मोठा पंखा बसवण्याचा. विचार बरोबर आहे. पण पंखा हा वायरिंगच्या साखळीतला शेवटचा दुवा आहे. आधीचे दुवे तपासल्याशिवाय तो बदलला तर पैसे जातात आणि उकाडा राहतो.

ई-टाइपला पंखा पहिल्यापासूनच विजेवरचा होता, ही त्या काळात वेगळी गोष्ट होती. जॅग्वारच्याच आधीच्या एक्सके गाड्यांत पंखा इंजिनच्या जोरावर फिरे. इंजिन मंदावलं की तोही मंदावे. विजेचा पंखा इंजिनच्या गतीवर अवलंबून नाही. रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला तो बसतो आणि समोरची हवा ओढून घेतो. हेडर टँकमध्ये ऑटर नावाचा तापमानाचा स्विच असतो. पाणी साधारण 80 अंशांवर गेलं की तो पंखा सुरू करतो. कल्पना काळाच्या पुढची होती, पण तिच्यामागची वीज जुन्या काळातली होती.

3.8 लिटरच्या गाडीला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. पूर्ण जोरात असताना तो पंचवीस-तीस अँपिअर देतो. इंजिन आयडलिंगला असताना जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे पंख्याची गरज सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच वेळी त्याला बॅटरी खाऊन फिरावं लागतं. त्यात दिवे आणि वायपर लागलेले असतील तर व्होल्टेज आणखी घसरतं. सुरुवातीच्या गाड्यांत पंख्याचा सगळा प्रवाह त्या ऑटर स्विचच्या बारक्या संपर्कातूनच जातो. साठ वर्षांच्या गंजलेल्या जोडांत व्होल्टभर तूट पडणं काही विशेष नाही, आणि व्होल्टेज उतरलं की पंख्याची गती उतरते. उलट बाजूने पाहिलं तर गती दहा टक्के वाढवायला सुमारे एक तृतीयांश जास्त ताकद लागते, कारण हवा ढकलायला लागणारी ताकद गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पहिलं काम पंख्याचं नाहीच. बॅटरीपासून जाड वायर, स्वतंत्र फ्यूज आणि रिले, आणि पंख्याच्या मोटारीला थेट, स्वच्छ अर्थिंग. रिले आला की ऑटर स्विच फक्त इशारा देतो, ओझं वाहत नाही. एवढ्यानेच जुना पंखा बऱ्याचदा इतका सुधारतो की नवा आणायचा विचार मागे पडतो.

त्यापुढचा दुवा अल्टरनेटर. आजचा आधुनिक पंखा दहा-पंधरा अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. हा भार डायनॅमोवर टाकणं म्हणजे मोटार थंड ठेवून बॅटरी मारणं. जॅग्वारने 1964 च्या 4.2 लिटर गाडीत स्वतःच अल्टरनेटर दिला आणि धन अर्थिंग सोडून ऋण अर्थिंग घेतलं. जुन्या धन अर्थिंगात एक मोठा सापळा आहे. 3.8 च्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक अर्थ केलेलं असतं. बाजारातला कायमस्वरूपी चुंबकाचा पंखा तिथे तारांचे रंग पाहून जोडला तर तो उलटा फिरतो आणि इंजिनजवळची गरम हवा बाहेर, समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध ढकलतो. मालक म्हणतो, पंखा तर फिरतोय, मग गाडी तापते कशी? रेडिएटरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरला की उत्तर मिळतं: कागद आत ओढला गेला पाहिजे.

पंखा निवडताना विक्रेते मिनिटाला अमुक घनफूट हवा असा आकडा पुढे करतात. तो आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. रेडिएटरच्या दाट पट्ट्यांतून ओढताना तो बराच खाली येतो. जास्त महत्त्वाचं आहे पंख्याभोवतीचं आवरण. आवरण नसेल तर पंखा फक्त स्वतःच्या गोलाइतक्याच भागातून हवा घेतो, उरलेला रेडिएटर शोभेचा. पण सगळ्या रेडिएटरवर घट्ट आवरण चढवलं तर वेगात तेच वाट अडवतं. मूळ आवरणात आणि मूळ कंसावरच नवी मोटार आणि जास्त पात्यांचा पंखा बसवणारे संच मिळतात, आणि तेच मला शहाणपणाचे वाटतात. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा टांगण्याची सर्वत्र दिसणारी पद्धत मात्र टाळावी. हादऱ्यांनी त्या पट्ट्या नळ्यांवर घासतात आणि गळती लागते.

यावर पहिला आक्षेप असा की सगळी व्यवस्था नीट असेल तर मूळ पंखा पुरतो. हा आक्षेप बव्हंशी खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावं लागतं. गाळाने अर्धा बुजलेला रेडिएटर, उशिराने पडणारी ठिणगी, दाब न धरणारं झाकण, यांपैकी काहीही पंख्याने बरं होत नाही. ई-टाइपच्या एक्सके इंजिनाच्या थर्मोस्टॅटला तर एक बाही असते. पाणी तापल्यावर ती बायपासची वाट बंद करते. दुकानात हाताला लागला तो साधा थर्मोस्टॅट बसवला की गरम पाणी रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनात फिरत राहतं आणि कितीही मोठा पंखा आणला तरी उपयोग नाही. पण हा आक्षेप धरणारे एक गोष्ट विसरतात. सगळं नवंकोरं असतानाही ही गाडी 1961 च्या रस्त्यांसाठी होती. आजच्या लॉस एंजेलिसच्या रांगेत, किंवा आपल्याकडे मे महिन्यात मुंबईच्या रहदारीत, तिला ज्या मिनिटांना तोंड द्यावं लागतं ती कारखान्याने धरलेली नव्हती.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणूनच चिवट आहे: मूळपणा जातो. लिलावात आणि स्पर्धांत जुना बोल्टसुद्धा पाहिला जातो हे खरं. पण इथे कारखान्याची साक्ष आपल्या बाजूची आहे. 1968 च्या दुसऱ्या मालिकेत जॅग्वारने तोंड चांगलंच मोठं केलं आणि एका पंख्याच्या जागी दोन दिले. ज्यांनी तो देखणा आकार घडवला त्यांनीच उष्णतेपुढे त्यात तडजोड केली. सेयरच्या तोंडाला हात न लावता फक्त पंखा बदलणारा मालक त्या मानाने मूळपणाला जास्तच जपतो. अट एवढीच की नवं वायरिंग जुन्याला कापून नसावं आणि काढलेली मोटार, पाती व आवरण चिठ्ठी लावून जपून ठेवावं, म्हणजे पुढच्या मालकाला दुपारभरात सगळं पूर्ववत करता येईल.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी रेडिएटर आणि थर्मोस्टॅट, मग वायरिंग आणि रिले, मग अल्टरनेटर, आणि सर्वांत शेवटी पंखा. पहिल्या दोन पायऱ्यांवर काटा खाली आला, तर उरलेले पैसे टायरवर खर्च करावेत.