पावसाची उघडीप आणि खाडीतले पीक

मृगाच्या सरी आटोपून आर्द्रा लागल्या की पणजीच्या धक्क्यावरून दिसणारी मांडवी ओळखू येईनाशी होते. चैत्र-वैशाखात जिच्या पात्रात समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर कित्येक कोस आत शिरत होते, तीच आता तांबूस, गढूळ लोंढा होऊन अरबी समुद्राला मागे रेटीत असते. गोव्यात वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे ३००० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे कुंभारजुव्याच्या कालव्याने एकमेकींशी जोडलेल्या मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मुखांवर दर वर्षी समुद्राचा अंमल उठून नदीचा अंमल बसतो, आणि दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा उठतो. या सत्तांतरात खाडीतील सर्वांत लहान रयतेचे काय होते, हा सागरविज्ञानातील मोठ्या मोलाचा प्रश्न आहे.

ही रयत म्हणजे वनस्पतिप्लवक: नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या, परंतु सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न स्वतः तयार करणाऱ्या एकपेशीय जीवांची सृष्टी. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने जे सेंद्रिय द्रव्य वर्षभरात निर्माण होते, त्यातील जवळजवळ निम्मे समुद्रातील या सूक्ष्म जीवांच्या खाती जमा आहे. आणि तरीही कोणत्याही एका क्षणी त्यांचे एकूण वजन जगातील साऱ्या वनस्पतींच्या वजनाच्या शंभराव्या हिश्शाइतकेही भरत नाही. याचे कारण असे की ते जितक्या वेगाने वाढतात तितक्याच वेगाने खाल्ले जातात. कोपेपॉडसारखे प्राणिप्लवक त्यांच्यावर जगतात, खडकावरची कालवे आणि चिखलातल्या तिसऱ्या त्यांनाच पाण्यातून गाळून घेतात, आणि तारलीच्या थव्यांचेही ते खाद्य आहे. मलबारच्या किनाऱ्यावर फ्रॅजिलेरिया ओशनिका नावाचे डायाटम, म्हणजे सिलिकेचे कवच असलेले वनस्पतिप्लवक, मुबलक दिसले की तारलीही मुबलक मिळते, हा संबंध नायर आणि सुब्रह्मण्यन या संशोधकांनी १९५५ सालीच नोंदवून ठेवला होता.

आपल्याकडे या अभ्यासाला शिस्तशीर रूप आले ते कोचीनच्या कायलांत, म्हणजे किनाऱ्यालगतच्या निमखाऱ्या जलाशयांत. सय्यद झहूर कासिम आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील सेंद्रिय उत्पादनाचा जो हिशेब १९६९ साली प्रसिद्ध केला, तो उष्ण कटिबंधातील नदीमुखांच्या अभ्यासात आजही आधारभूत मानला जातो. पुढे दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, १९६६ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे, संचालकपद कासिमांकडे आले. याच संस्थेतील देवस्सी आणि गोएस यांनी १९८८ साली मांडवी-जुवारीतील प्लवकांच्या ऋतुमानाप्रमाणे बदलत जाणाऱ्या समाजरचनेचा तपशील मांडला.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते सांगितल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही. होडी ठरलेल्या जागी स्थिर करून विशिष्ट खोलीवरचे पाणी बंद होणाऱ्या बाटलीत वर काढायचे. त्याची क्षारता आणि तापमान जागच्या जागी टिपायचे. एक हिस्सा आयोडीनचे द्रावण घालून मोजणीसाठी राखून ठेवायचा, आणि दुसरा काचतंतूच्या गाळणीतून गाळायचा. गाळणीवर उरलेला फिकट हिरवट-तपकिरी डाग ॲसिटोनमध्ये बुडवून अंधारात, थंडीत ठेवला की त्यातील हरितद्रव्य उतरते, आणि त्यावरून पाण्यात वनस्पतिप्लवक किती होते याचा अंदाज येतो. मोजणीचे काम मात्र यंत्राने सुटत नाही. एक घनसेंटिमीटर पाणी मावणाऱ्या, एक हजार चौकटी आखलेल्या काचेवर संशोधक सूक्ष्मदर्शकातून एकेक चौकट न्याहाळतो, एकेक पेशी ओळखतो आणि तिची नोंद करतो. स्केलेटोनेमा हे डायाटम नजरेस पडले की ते विसरता येत नाही: मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरणाऱ्या दंडगोल पेशी, प्रत्येकीभोवती सिलिकेचे पारदर्शक कवच, आणि एका पेशीच्या कडेवरून निघून दुसरीच्या कडेला मिळणाऱ्या केसाहून बारीक काड्यांची ओळ, अशा कित्येक पेशींची एक साखळी.

पावसाळ्यातील खाडीचा खरा नायक हाच. पुराबरोबर डोंगरउतारावरून आणि शेतांतून धुऊन आलेले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका खाडीत विपुल उतरते; अन्नाची ददात नसते. परंतु तोच पूर गाळही आणतो, आणि त्या गाळात प्रकाश हातभर खोलीवरच विझतो. शिवाय प्रवाह इतका वेगवान असतो की पेशी दुभंगून दोन होण्याच्या आत समुद्रात वाहून जाते. मग पाऊस चार-सहा दिवस उघडीप देतो. ओढा मंदावतो, गाळ खाली बसतो, हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते, वर ऊन पडते. आणि कमी क्षारतेत तग धरू शकणारे स्केलेटोनेमा दिवसाला एकदा, क्वचित त्याहूनही अधिक वेळा, दुपटीने वाढू लागते. थोड्याच दिवसांत पाण्याचा रंग पालटतो. हे बीज येते कोठून, याचे एक उत्तर जुवारीत काम करणाऱ्या जगदीश पाटील आणि अनिल यांच्या संशोधनातून मिळते: तळाच्या चिखलात डायाटमांच्या सुप्त पेशी पडून असतात, प्रवाहाने चिखल ढवळला की त्या वर येतात आणि प्रकाश मिळताच अंकुरतात. म्हणजे जो पूर उभे पीक वाहून नेतो, तोच पुढची पेरणीही करून जातो.

मला या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही उघडीप. महिन्यातून एकदा, किंवा ऋतूतून एकदा, नमुना घेऊन अहवाल सादर करण्याची जी पद्धत आपल्या सरकारी दप्तरांत रूढ आहे, तिच्या हाती ही उघडीप लागेलच असे नाही. एका आठवड्यात उगवून संपून गेलेले पीक त्या अहवालात मुळी उगवलेलेच नसते. यासाठी एकाच जागी, दिवसाआड, वर्षानुवर्षे पाणी भरणारी माणसे लागतात, आणि अशा कामाला पैसा व प्रतिष्ठा दोन्ही देण्यात आपण कंजूषपणा करतो याचा मला खेद आहे. कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रात संस्थेने १९९७ पासून चालविलेली नोंद वर्षानुवर्षे एकाच जागी जाण्याच्या चिकाटीचे उत्तम उदाहरण होय. पावसाळा सरता सरता तेथील तळाचे पाणी प्राणवायूला कसे पारखे होते, आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड कसा साठतो, हे नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली जगापुढे ठेवले, ते पुन्हा पुन्हा त्याच पाण्यावर जाण्यामुळेच.

नदीमुखाचा प्रश्न खाडीत सुटत नाही, तो वर डोंगरात सुरू होतो. डॅन्यूब नदीवर १९७२ साली आयर्न गेट्स धरण पुरे झाल्यानंतर काळ्या समुद्रात पोहोचणारी सिलिका घटली, आणि सिलिकेच्या कवचावाचून ज्यांचे चालत नाही त्या डायाटमांची जागा इतर प्लवकांनी घेतली, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले. धरणाच्या जलाशयात पाणी थबकते, तेथेच डायाटम वाढतात आणि सिलिका आपल्याबरोबर तळाशी नेतात. सांडपाणी आणि खते यांतून नायट्रोजन व फॉस्फरस पुन्हा भरून निघतात, सिलिका भरून निघत नाही. हाच प्रश्न मांडवीबाबतही उभा राहतो; मांडवी म्हणजेच म्हादई. तिच्या पाण्याची वाटणी करणाऱ्या लवादाने २०१८ साली कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी नेमून दिले, आणि तिन्ही राज्यांतील वाद त्यानंतरही या आकड्यांभोवतीच फिरत राहिला. त्या पाण्यात विरघळून खाडीकडे जाणारी सिलिका किती, आणि आर्द्रा-पुनर्वसूच्या उघडिपीत तिच्यावर उभे राहणारे पीक किती, हा तपशीलही वाटणीच्या कागदपत्रांत मागितला गेला पाहिजे. तो मोजण्याची रीत दोनापावलच्या प्रयोगशाळांत तयार आहे.