उतारशाळेतले तीन महिने

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

आपल्या देणग्यांतून सातपुड्यातल्या पाड्यांवरची काही तरुण मुले ख्रिस्ती व्यसनमुक्ती निवासात राहून येतात. "एका मुलामागे तीन महिन्यांचा खर्च कशाला? पाड्यावरच प्रार्थनासभा घेऊन भागणार नाही का?" असे तुमच्यापैकी काहींनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. या मुलांना पोचवायला, भेटायला आणि परत आणायला मीच जातो. म्हणून तिथे काय घडते ते आज सांगतो. आमच्या हातून झालेली एक चूकही सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. मोहाची दारू आदिवासी घरांत सणाला, लग्नाला पूर्वीपासून आहे. पण आज मुलगा ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातो, तिथे रोजची बाटली आणि गांजा हाताशी येतो, आणि घरापासून दूर त्याला थांबवणारे कोणी नसते. तेव्हा "आदिवासी म्हटला की पिणारच" असे कृपया म्हणू नका. शहरातल्या, सुशिक्षित घरांतली मुलेही त्याच निवासात त्याच्या शेजारच्या खाटेवर असतात.

पहिले दिवस डॉक्टरांचे

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यापुढच्या दोन-तीन दिवसांत काहींना भास होतात, अंग थरथरते, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास जीवही जातो. गर्द ओढणाऱ्याला हातपाय मोडून येतात, जुलाब होतात, झोप लागत नाही. म्हणून निवासात पाऊल टाकल्यावर पहिली भेट डॉक्टरांची. औषधे, जीवनसत्त्वे, पाणी, झोप यांची काळजी घेतली जाते. आम्ही प्रार्थना करतोच, पण औषध बंद करून नव्हे. "गोळ्या कशाला, विश्वास ठेव" असे म्हणून कोणाला घरात कोंडून ठेवू नका. त्यात मुलगा दगावू शकतो.

मग तीन महिने कशाला?

दारू किंवा गर्द सुटताना होणारा शरीराचा त्रास बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरतो. तलफ मात्र राहते. मुकादमाची उचल हातात पडली, लग्नातला ढोल वाजला, बापाशी भांडण झाले की ती उठते. ती ओळखायची आणि तिला तोंड द्यायचे, हे शिकायला वेळ लागतो.

दिवस साधाच असतो. पहाटे उठणे, अंथरूण आवरणे, उपासना, बागेत किंवा स्वयंपाकघरात काम, समुपदेशकाशी बोलणे, संध्याकाळी गटसभा. गटात प्रत्येकाने खरे बोलायचे. आपले आपल्याला आवरत नाही हे कबूल करायचे, कोणाकोणाला दुखावले ते आठवायचे, शक्य तिथे भरपाई करायची. ही पद्धत १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची. तिच्या १२ पायऱ्यांवर ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीची छाप आहे. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले. तिथे या पायऱ्यांना योगासनांची जोड दिली आहे आणि सर्व धर्मांच्या लोकांना जागा आहे.

चांगल्या ख्रिस्ती निवासात उपासना असते, पण जबरदस्ती नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. जिथे मारहाण होते, कुटुंबाला भेटू देत नाहीत, डॉक्टर नाहीत, तिथे दारावर क्रूस असला तरी मुलाला ठेवू नका.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आमचा एक मुलगा तीन महिने पूर्ण करून परतला. आम्हाला इतका आनंद झाला की पहिल्याच रविवारी त्याला पुढे उभे केले, हार घातला, साक्ष द्यायला लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांनी तो पुन्हा प्यायला आणि मंडळीत यायचा बंद झाला. मी त्याच्या घरी गेलो. बराच वेळ तो मान वर करेना. मग म्हणाला, "दादा, सगळे टाळ्या वाजवत होते. मला अजून तलफ येते, हे मी कोणाला सांगायचे होते?"

मला उत्तर देता आले नाही. त्याला उभे राहायला आधार हवा होता, आणि आम्ही त्याला व्यासपीठ दिले. तो पुन्हा निवासात गेला. या वेळी परतल्यावर आम्ही हार आणला नाही. मंडळीतले दोन भाऊ रोज संध्याकाळी त्याच्याकडे जात. एकाने त्याला विहिरीच्या कामावर सोबत घेतले. मजुरी आईच्या हातात द्यायची, हे त्याने स्वतः ठरवले. आज तो ठीक आहे. उद्याची हमी मी देत नाही, तोही देत नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, खर्च दिला. पण तिथे तो थांबला नाही, परत येईन असेही सांगून गेला. निवास ही उतारशाळा आहे. तुमच्या देणगीने तिचा खर्च भागतो. परत येण्याचे काम मात्र मंडळीचे.

तुम्ही काय करू शकता

मुलगा घरी आला की साक्षीची घाई करू नका. एक वर्ष जाऊ द्या. त्याला काम द्या, संध्याकाळी सोबत द्या. पुन्हा घसरला तर दार लावू नका, लगेच उपचाराला न्या. गर्दवाल्याच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नका. मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते, आणि जुन्या मात्रेनेच मृत्यू येऊ शकतो.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर १४४४६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करा, किंवा आम्हाला कळवा.

आणि प्रार्थनेत त्या दोन भावांचीही आठवण ठेवा. ते आजही संध्याकाळी त्याच्या पाड्यावर जातात.

प्रभूच्या सेवेत आपला,
एक कार्यकर्ता