उडता अतिदक्षता विभाग

अतिदक्षता विभाग म्हणजे केवळ यंत्रांनी भरलेली खोली नव्हे. रुग्णावरील अखंड लक्ष हा त्याचा गाभा. १९९४ च्या सुमारास अमेरिकेच्या हवाई दलाने त्यासाठी तिघांची विमानपथके उभारण्यास सुरुवात केली: एक डॉक्टर, एक परिचारिका आणि श्वसनयंत्र सांभाळणारा एक तंत्रज्ञ. असे पथक श्वसनयंत्रावरील तीन रुग्णांची काळजी घेऊ शकते.

त्यामुळे रणभूमीजवळ जीव वाचवण्यापुरती शस्त्रक्रिया करून जखमीला पुढे हलवता येते. व्हिएतनाम युद्धात जखमींना मायदेशी पोचण्यास सरासरी ४५ दिवस लागत. २००४ च्या सुमारास इराकमधून चार दिवसही लागत नसत.

मात्र उंचीवर विमानातील हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश होऊ शकतो. बॉईलच्या नियमानुसार कोंडलेली हवा तेव्हा सुमारे एक-तृतीयांशाने प्रसरण पावते. छातीत फुप्फुसाबाहेर अडकलेली हवा अशी फुगली, तर फुप्फुस दाबले जाऊन प्राणावर बेतते. म्हणून उड्डाणापूर्वीच नळी घालून तिला वाट करून देतात. विमानाच्या आवाजात स्टेथोस्कोपही निरुपयोगी ठरतो. डोळ्यांत तेल घालून पडद्यावरील आकडे पाहावे लागतात.

घाट चढताना वेफर्सचे बंद पाकीट का फुगते, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. नियम तोच आहे.