गाठीभोवतीचं अस्तर

बाटली वाशिमहून आली होती. फॉर्मॅलिनच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढे चार तुकडे, आणि चिठ्ठीवर एवढंच: 'जठरातील गाठ'. बाई पन्नाशीच्या, मानोरा तालुक्यातल्या. बाटली घेऊन आलेला मुलगा सांगत होता, वर्षभर आईला पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. रक्त कमी, तळपायांना मुंग्या.

रात्रभर तुकडे अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून जातात. सकाळी मायक्रोटोमवर ३-४ मायक्रॉन जाडीचे काप निघतात, कोमट पाण्यावर पसरतात आणि काचेवर उचलले जातात.

गाठ ओळखायला वेळ लागला नाही. गोल केंद्रकांच्या सारख्या पेशी, पुंजक्या-पुंजक्यांनी. क्रोमोग्रॅनिनचा तपकिरी रंग धरला, केआय-६७, म्हणजे वाढीच्या अवस्थेतल्या पेशींचं प्रमाण, ३ टक्क्यांच्या आत. ग्रेड १ न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ. रिपोर्ट इथे संपवता आला असता. माझं लक्ष मात्र गाठ नसलेल्या दोन तुकड्यांवर होतं.

जठराच्या मधल्या भागात आम्ल बनवणाऱ्या गुलाबी पेशी दाटीने असतात. इथे एकही दिसेना. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने त्या संपवल्या होत्या. आम्ल नाही, म्हणून जठराच्या खालच्या टोकाच्या पेशी आम्ल बनवण्याचा इशारा देणारं गॅस्ट्रिन सोडत राहतात. आम्ल बनवणारं कुणी उरलेलं नसतं, पण त्या गॅस्ट्रिनवर जठरातल्या ईसीएल नावाच्या संप्रेरक-पेशी पोसल्या जातात: आधी रांगा, मग पुंजके, अर्ध्या मिलिमीटरपुढे गेल्या की गाठ. जठरातल्या अशा बहुतेक गाठी याच वाटेने येतात. पित्ताच्या गोळ्या खाणाऱ्या या बाईंच्या पोटात आम्ल जवळजवळ नव्हतंच! बी-१२ शोषायला लागणारा घटकही त्याच गुलाबी पेशी बनवतात. मुंग्यांचं मूळ तिथे.

मग अल्शियन ब्लू लावला. अस्तरात निळ्या पेल्यांसारख्या पेशी उमटल्या. त्या आतड्यात असायच्या, जठरात नव्हे. सूज, झीज, हा आतड्यासारखा बदल, डिसप्लेसिया (पेशींची कर्करोगाकडे झुकणारी बिघडलेली रचना) आणि शेवटी कर्करोग, अशी शिडी पेलायो कोरिआ यांनी कोलंबियातल्या रुग्णांच्या अभ्यासातून मांडली. बहुतेक जण ती पूर्ण चढत नाहीत. कोण चढेल हे मात्र आज पाहून सांगता येत नाही.

एक अडचण उरली. झिजलेला मधला भाग हुबेहूब खालच्या टोकासारखा दिसतो, आणि सगळे तुकडे एकाच बाटलीत. गॅस्ट्रिनचा रंग लावून पाहिला. एकही पेशी रंगली नाही, म्हणजे भाग मधलाच. या उलगड्यात चार दिवस गेले. दोन बाटल्या असत्या तर लागले नसते.

महिन्याने, दुर्बिणीतूनच गाठ काढल्यावर, मुलगा रिपोर्ट न्यायला आला. "गाठ तर निघाली ना जी, मंग पुन्हा दुर्बीण कायले?" मी त्याला गाठीची आणि अस्तराची, दोन्ही काचा दाखवल्या. गाठ निघाली, पण जिथे ती उगवली ते अस्तर आईच्या पोटात तसंच आहे. तिथे नवी गाठही येऊ शकते आणि कर्करोगही. दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण, बी-१२ची इंजेक्शनं कायमची.

वाशिमला २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या आणि तालुक्यातालुक्यांत दुर्बीण टाकणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: गाठीचा तुकडा घ्याच, पण खालच्या टोकाचे दोन, वळणावरचा एक आणि मधल्या भागाचे दोन तुकडेही घ्या. खालचे आणि वळणावरचा एका बाटलीत, मधले दुसऱ्या बाटलीत. आणि बाटलीवर जागा लिहा.