पिवळ्या पट्ट्याचा हिशेब

17 ऑक्टोबर 2012, बुधवार. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने आपल्या कर्करोग संस्थेचे अध्यक्षपद सोडल्याचे सकाळी जाहीर केले आणि पाठोपाठ, काही मिनिटांतच, नायकीने त्याच्याशी असलेला करार मोडला. मग रांगच लागली. सायकली बनवणारी ट्रेक, बिअरवाली अनहॉयझर-बुश, हेल्मेटवाली जिरो, रेडिओशॅक. दोन दिवसांत सगळ्यांनी हात झटकले. चष्म्यांची ओकली तेवढी थांबली. 22 तारखेला जागतिक सायकल संघटनेने, म्हणजे यूसीआयने, त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे काढून घेतली आणि ओकलीही गेली. साडेसात कोटी डॉलर एका दिवसात गेले, असे पुढे त्याने ओप्रा विन्फ्रीला दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत सांगितले.

घर फिरले की वासे फिरतात हे खरे, पण इथे वासे बरीच वर्षे हलले नव्हते, हे विसरून चालणार नाही. संशय पहिल्या विजयाइतकाच जुना होता. 1999 च्या टूरमध्येच त्याच्या नमुन्यात कॉर्टिसोनचा अंश सापडला. तेव्हा सायकलच्या बैठकीने झालेल्या जखमेवर मलम लावले होते असे सांगून मागच्या तारखेची डॉक्टरची चिठ्ठी पुढे करण्यात आली. ही चिठ्ठी कशी तयार झाली ते संघातल्या खेळाडूंना मसाज करणारी एमा ओ'रायली हिने पत्रकार डेव्हिड वॉल्शला सांगितले, आणि 2004 मध्ये वॉल्श व पिएर बॅलेस्टर यांच्या फ्रेंच पुस्तकात ते छापूनही आले. 2005 मध्ये ‘लेकिप’ या फ्रेंच दैनिकाने 1999 च्या साठवलेल्या नमुन्यांत ईपीओ सापडल्याची बातमी दिली. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे हे औषध. दम लांबतो, घाट चढताना पाय थकत नाहीत. या सगळ्या काळात नायकीचा धनादेश वेळेवर जात होता. मी कशावर आहे असे लोक विचारतात, तर मी रोज सहा तास सायकलवर असतो, अशी त्याची फुशारकीची जाहिरात कंपनीने 2001 मध्येच केली होती. ओरेगॉनमधल्या मुख्यालयातल्या व्यायामशाळेलाही त्याचे नाव होते.

ऑगस्ट 2012 मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, युसाडाने, त्याच्यावर आजन्म बंदी घातली. त्याने लवादापुढे लढायला नकार दिला होता. नायकीने तेव्हा काय म्हटले? लान्सने आपण निर्दोष असल्याचे सांगितले आहे, आमचा पाठिंबा कायम आहे. मग ऑगस्ट आणि ऑक्टोबर यांच्यात बदलले काय? सत्य नाही बदलले. 10 ऑक्टोबरला युसाडाने हजारांहून अधिक पानांचा पुरावा सर्वांसाठी खुला केला. 26 जणांच्या साक्षी, त्यांत त्याचे 11 जुने सहकारी. रक्त कधी काढले, कधी भरले, चाचणीवाले दारात आले की काय करायचे, सगळे तपशील. आता ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणायला ही पाने कंपनीलाही सोयीची झाली. दशकाहून अधिक काळ त्याने आमची दिशाभूल केली, असे नायकीने पत्रकात म्हटले. पत्रक वाचताना वाटते, जणू बिचाऱ्या कंपनीला कोणी वर्तमानपत्रच वाचू दिले नव्हते.

प्रायोजकांचे एक बरे असते, त्यांच्या करारात बाहेर पडायचा दरवाजा असतो. धर्मादाय संस्थेला तसा दरवाजा नसतो, आणि या सगळ्या प्रकरणात खरी फरफट झाली ती त्याच्या कर्करोग संस्थेची, लिव्हस्ट्राँगची.

तिची सुरुवात खोटी नव्हती. ऑक्टोबर 1996 मध्ये, 25 वर्षांचा असताना, आर्मस्ट्राँगला वृषणाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तो फुफ्फुसांत आणि मेंदूत पोचला होता. त्याचा फ्रेंच संघ कोफिदिसने त्याला वाऱ्यावर सोडले. इंडियानापोलिसला डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी बसवलेल्या, सिसप्लॅटिन या औषधाच्या उपचारपद्धतीने तो वाचला. 2012 च्या सुरुवातीला आपला क्रिकेटपटू युवराज सिंगही छातीतल्या गाठीसाठी याच आइनहॉर्न यांच्याकडे गेला. आर्मस्ट्राँगचे आत्मकथन त्या दिवसांत त्याच्या सोबतीला होते. युवराज सप्टेंबरात पुन्हा भारताकडून खेळला आणि महिन्याभरात तिकडे त्या पुस्तकाचा नायक कोसळला. पण औषध खोटे नव्हते आणि दोघांचे वाचणेही खोटे नव्हते. या प्रकरणाचा निवाडा अवघड होतो तो इथेच.

1997 मध्ये ऑस्टिनला लान्स आर्मस्ट्राँग फाउंडेशन, म्हणजे पुढची लिव्हस्ट्राँग, सुरू झाले. 2004 मध्ये नायकीने मनगटात घालायचा पिवळा रबरी पट्टा आणला, किंमत एक डॉलर. पिवळा, कारण टूरमध्ये आघाडीवर असलेल्याची जर्सी पिवळी. सुरुवातीला 50 लाख काढले होते, विकले गेले 8 कोटींच्या घरात. आपल्याकडेही कॉलेजांबाहेरच्या ठेल्यांवर त्याच्या रंगीबेरंगी नकला आल्या. घालणाऱ्या बहुतेकांना आर्मस्ट्राँग कोण हे ठाऊकही नसावे. 2004 पासून नायकीच्या भागीदारीतून संस्थेला 10 कोटी डॉलरांवर पैसा मिळाला.

त्या पैशातून प्रयोगशाळा उभ्या राहतात असा अनेक देणगीदारांचा समज होता. प्रत्यक्षात संस्थेने संशोधनाला नवे अनुदान देणे हळूहळू थांबवले होते. तिचा भर रुग्णाच्या रोजच्या अडचणींवर होता: विम्याच्या कागदपत्रांत मदत, केमोआधी बीज गोठवून ठेवण्यासाठी सवलत, वायएमसीएच्या व्यायामशाळांत उपचार संपलेल्यांसाठी 12 आठवड्यांचा कार्यक्रम. काम चांगले होते. मात्र त्याचाच एक दुसरा उपयोगही होत होता. संशय घेणारा पत्रकार उभा राहिला की त्याच्यासमोर कर्करोग उभा करता येत होता. मरता मरता वाचलेला मी असले विष शरीरात कशाला घालेन, हे उत्तर वर्षानुवर्षे पुरले. 2009 मधले पुनरागमनही कर्करोगाबद्दलच्या जागृतीसाठी आहे असेच सांगितले गेले. संस्थेतल्या कोणी हा डाव रचला असे मला वाटत नाही, पण ढालीला कोणी विचारतही नाही.

ऑगस्टमधल्या बंदीनंतर पहिल्या काही दिवसांत देणग्या उलट वाढल्या, सहानुभूतीची लाट आली. नायकी गेल्यानंतर दोनच दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, संस्थेच्या 15 व्या वर्धापनदिनाचा मोठा सोहळा ऑस्टिनमध्ये होता. पाहुणे आले, आर्मस्ट्राँग बोलला, टाळ्या पडल्या. नोव्हेंबरात त्याला संचालक मंडळातूनही जावे लागले आणि संस्थेने त्याचे नाव आपल्या नावातून काढून टाकले. त्याच सुमारास त्याने ट्विटरवर एक छायाचित्र टाकले. घरात सोफ्यावर आडवा पडलेला तो, आणि भिंतीवर चौकटीत सात पिवळ्या जर्सी. ज्या संस्थेचे कर्मचारी दिवसभर देणगीदारांचे फोन घेत होते, त्यांना हे चित्र पाहून काय वाटले असेल!

14 जानेवारी 2013 ला, ओप्राच्या मुलाखतीआधी, तो संस्थेच्या कार्यालयात गेला आणि कर्मचाऱ्यांची माफी मागितली. उत्तेजके घेतल्याची कबुली मात्र कॅमेऱ्यासमोर दिली. संस्था सोडावी लागणे हा आपल्या आयुष्यातला सर्वांत खाली नेणारा क्षण होता, असे तो त्या मुलाखतीत म्हणाला. त्याचे पद गेले तेव्हा बहुतेक कंपन्यांनी ‘त्याला सोडतोय, लिव्हस्ट्राँगला नाही’ असे जाहीर केले होते. ते शब्द किती टिकले? मे 2013 मध्ये नायकीने लिव्हस्ट्राँगचे कपडे-बूटही बंद करणार असल्याचे जाहीर केले. काही देणगीदारांनी पैसे परत मागितले. पुढच्या वर्षांत उत्पन्न घसरत गेले, कर्मचारी कमी करावे लागले, आणि स्वतः कर्करोगातून वाचलेले प्रमुख डग उलमन 2014 च्या अखेरीस दुसऱ्या संस्थेत गेले. त्याच वर्षी लिव्हस्ट्राँगने ऑस्टिनच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाला कर्करोग केंद्रासाठी 5 कोटी डॉलर देण्याचे वचन दिले होते. संस्थापकाच्या सावलीतून बाहेर पडायची ही धडपड होती.

ज्यांच्याकडे वकील होते त्यांची वसुली झाली. ‘संडे टाइम्स’ या ब्रिटिश वृत्तपत्राने बदनामीच्या दाव्यात त्याला दिलेले पैसे परत मिळवले. विजयाच्या बोनसचा विमा उतरवणाऱ्या एससीए प्रमोशन्सला लवादाने 2015 मध्ये 1 कोटी डॉलर मंजूर केले, मग तडजोड झाली. सर्वांत मोठा दावा अमेरिकन टपाल खात्याचा. खात्याने प्रायोजक म्हणून आर्मस्ट्राँगच्या संघाला सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर दिले होते. आर्मस्ट्राँगच्या वकिलांनी खात्याच्याच जुन्या अहवालांवर बोट ठेवले: या संघामुळे तुम्हाला 10 कोटी डॉलरांहून अधिक प्रसिद्धी मिळाली असे तुम्हीच लिहून ठेवले आहे, मग नुकसान कसले? युक्तिवाद निर्लज्ज होता, पण पोकळ नव्हता. एप्रिल 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर मिटले. त्यातले 11 लाख फ्लॉइड लँडिसला मिळाले. हा त्याचा जुना सहकारी, स्वतः उत्तेजकांपायी 2006 ची टूर गमावलेला आणि मग सरकारच्या वतीने फिर्याद करणारा.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आर्मस्ट्राँगने दूरचित्रवाणीवर सांगितले की 2009 मध्ये एका मित्राच्या निधीत त्याने 1 लाख डॉलर गुंतवले होते आणि त्या निधीने ते उबर नावाच्या कंपनीत घातले. त्या पैशाने आपले कुटुंब वाचवले, असे तो म्हणाला. रक्कम किती झाली ते त्याने सांगितले नाही. विचारणाऱ्याने आकडे वाढवत नेले, तरी त्याने नेमके उत्तर दिले नाही.