अंड्यात काय बिघडलं ते टॉर्च सांगतो
(स्वारगेट, पुणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

एसटी स्टँडवरून थेट इथे आलेले एक काका अंड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेत. काका, ती आधी खुर्चीखाली ठेवा, अंगाची ऊब नको. का, ते सांगतो.

अंडं बाहेर पडतं तेव्हाच त्यातल्या गर्भाची वाढ सुरू झालेली असते. गार झालं की ती थांबते. साधारण 21 अंशांच्या वर गेलं की पुन्हा रखडत चालू होते. एप्रिलमधल्या पुण्यात घरातसुद्धा 30-32 अंश असतात. म्हणजे पाटीतच गर्भ अर्धवट वाढतो आणि मरतो. अंडी 15 ते 18 अंशांत ठेवावीत, आठवड्याच्या आत उबवायला घालावीत. आणि दुकानातली अंडी आणू नका हो! लेयर फार्मवर कोंबडाच नसतो. खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

मशीनचं गणित सोपं आहे. पंखा असेल तर 37.5 अंश, आर्द्रता 50-55 टक्के, 21 दिवस. रोज तीन ते पाच वेळा अंडी फिरवायची. खुडूक कोंबडी हे सगळं न शिकता करते, आपल्याला गजर लावावा लागतो.

आता टॉर्च. सातव्या रात्री खोलीत अंधार करा, अंड्याच्या रुंद टोकाला एलईडी टॉर्च टेकवा, काही सेकंदच. काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसती पिवळट सावली दिसली तर बहुधा अंडं फळलेलंच नाही. आणि शिरा नसून लाल कडं दिसलं, तर गर्भ धरला होता, पण सुरुवातीलाच मेला. हा फरक महत्त्वाचा. माझ्या पहिल्या 12 अंड्यांपैकी सातांत कडं होतं. मी मशीनला शिव्या घालत होतो. मशीन बरोबर होतं; गावाहून आणलेली अंडी मी दोन दिवस गाडीच्या डिकीत, उन्हात ठेवली होती. सगळी कोरी निघाली असती, तर कोंबड्याकडे बघावं लागलं असतं.

देशी अंड्याचं कवच तपकिरी असेल तर नीट दिसत नाही. शंका आली की फेकू नका, पेन्सिलीने खूण करा, तीन दिवसांनी परत बघा. वास आला किंवा कवच पाझरलं तर मात्र लगेच काढा. ते फुटलं की बाकीच्यांचाही नास.

अठराव्या दिवशी शेवटचं बघायचं. अंडं जवळजवळ काळं, वर हवेची पोकळी. मग फिरवणं बंद, आर्द्रता 65-70 टक्के, झाकण बंद. कवचाला पहिली भेग पडल्यावर पिल्लू बाहेर यायला दिवसभरही घेतं. सोलून मदत करू नका, आतल्या शिरांत अजून रक्त असतं.

(प्रश्न : वीज गेली तर?)

झाकण उघडू नका. वरून गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा. दोन-तीन तासांच्या गारव्याने सहसा बिघडत नाही. चाळीस अंशांच्या वर गेलं तर मात्र फार वेळ लागत नाही, म्हणून मशीन खिडकीतल्या उन्हात कधीच ठेवू नका.